खुलासा

रात्री एक वाजून बेचाळीस मिनिटांनी
किलोमीटर दोनशे अठ्ठावीस, खांब सहा, इथे
मी अकरा मिनिटं हललो नाही, असं यंत्र म्हणतं.
तीन दिवसांत खुलासा सादर करावा.

यंत्र गळ्यात असतं, ओढाळ गुराच्या लोढण्यासारखं.
मी कुठे आहे ते त्याला बरोबर कळतं.
का आहे, ते विचारायला कागद पाठवावा लागतो.

खरं लिहायचं तर
त्या खांबाशी माझी हद्द संपायची.
पुढची रफीक फणसोपकरची.
मी निवसरकडून, तो आडवलीकडून.
आधी बत्ती दिसायची, मग खोकला यायचा, मग माणूस.
पितळी बिल्ल्यांची अदलाबदल करायची,
त्याचा नंबर माझ्या खिशात, माझा त्याच्या,
म्हणजे सकाळी मुकादमाला कळायचं
की मधली सगळी वाट कुणीतरी पायांनी बघितलीय.
चार मिनिटं लागायची. तंबाखू मळण्यापुरती.
त्यातच त्याने मुलीच्या निकाहची तारीख सांगितली,
आणि एकदा
काहीच न बोलता रुळावर बसून राहिला,
मी विचारलं नाही.

मार्चात त्याचं पद सरेंडर झालं.
शब्द त्यांचा.
आम्ही लढत होतो हेच मला माहीत नव्हतं.
त्याला कारवारच्या पलीकडे पाठवलं,
त्याची हद्द माझ्या हद्दीला जोडली
आणि ऑफिसात नकाशावर एक रेघ कमी झाली.
गँगमध्ये तेवीस होते, नऊ आहेत.
नवे बूट आले, सगळे दहा नंबरचे.
रजेच्या अर्जावर साहेब लिहितात, गणपतीनंतर.
गणपतीत स्पेशल सात वाढल्या.

त्या जातात तेव्हा मी कटिंगच्या भिंतीला पाठ लावून उभा असतो.
डबे भरलेले, खिडकीत झोपलेली माणसं,
कुणाच्या मांडीवर मखराचा खोका.
वर जांभ्याचा डोंगर, भिजून जड झालेला,
लोखंडी जाळीत पोटुशी म्हशीसारखा.
रफीक म्हणायचा, गटाराचं पाणी बोलतंय तोवर चालत राहा.
गप्प झालं तर थांब.
वर काहीतरी सरकलंय.

त्या रात्री ते गप्प झालं होतं की नाही, मला सांगता येत नाही.
झाल्यासारखं वाटलं.
बत्ती विझवून ऐकत राहिलो.
मग पाणी परत बोलायला लागलं, कदाचित पानं अडकली असतील.
हे सहा-सात मिनिटांचं झालं.
उरलेली चार सवयीची.
दोन्ही बिल्ले आता माझ्याकडेच असतात.
उजव्या खिशातला डाव्यात, डाव्यातला उजव्यात,
एवढं करून मी पुढे जातो.
वेडेपणा आहे. पण तसाच पुढे गेलो
तर वाट अर्धीच बघितल्यासारखी वाटते.

पाध्येसाहेब वाईट नाहीत.
तीन सेक्शन एकट्यावर, कानाला फोन, डोळे लाल,
तेही कुणाला तरी खुलासे देतात.
म्हणाले, दत्ताराम, काहीतरी लिही आणि मोकळा हो.
लघवीला थांबलो, लिही.
मी म्हटलं, अकरा मिनिटं?
मग पोट, लिही.

लिहिलं. कारण: पोट.
तसं खोटंही नाही.
साहेबांनी न वाचता शिक्का मारला.

काल रफीकचा फोन आला होता, रेंज जात येत होती.
विचारलं, तिकडे टोकाला कोण भेटतं?
तो काहीतरी म्हणाला, मग नुसताच आवाज राहिला,
पाण्याचा,
मी तो बंद होईपर्यंत ऐकला.